प्रश्न सातवा: शाळेसमोर काय आहे?

मी आळशी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नाक मुरडायचे कष्ट नकोत. तिसरीच्या वर्गाला मी बारा वर्षं परिसराचा विषय शिकवते आहे. बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय एवढं, पोस्टमन काय करतो आणि नदी कुठून येते इतकंच तर सांगायचं. पण पोस्टमन नुसता सांगून भागत नाही, तो दाखवावा लागतो. म्हणजे पुठ्ठा आला, कात्री आली, डिंक आला. आणि डिंक आला की आमचं अख्खं घर कामाला जुंपलं जायचं.

सासूबाई औषधांची रिकामी खोकी जमवायच्या. खोकं लवकर रिकामं व्हावं म्हणून घरात कोणी नुसतं शिंकलं तरी त्या गोळी काढून हातावर ठेवायच्या. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे पुठ्ठ्याच्या घरांच्या खिडक्या कापायचं काम त्यांच्या गळ्यात. संध्याकाळी दुकानातून आले की चहाच्या आधी हातात कात्री. एकदा अग्निशमन दलाची पुठ्ठ्याची शिडी डिंक लावून खुर्चीवर वाळत ठेवली होती, तिच्यावर हे बसले आणि तशीच पाठीमागे घेऊन दुकानात गेले. दुपारी एका गिऱ्हाइकाने हळूच सांगितलं. तेव्हापासून माझ्या विषयाचं नाव निघालं तरी हे आधी खुर्ची चाचपून बघतात.

अशात एक दिवस शिक्षण कार्यालयाकडून शाळेत एक निळं खोकं आलं. त्यावर लिहिलं होतं, ‘आपले गाव: तयार पाठ-संच, इयत्ता तिसरी’. आत सहा फुटी नकाशा, मुलांसाठी कार्डं, रंगवलेली लाकडी घरं, चाचणीचे कागद, एका बंद पाकिटात उत्तरसूची, आणि हातात घालून बोलवायचा एक मिशीवाला बाहुला, ज्याचं नाव नागरिकराव. कापायचं काही नाही, चिकटवायचं काही नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मिळत असताना जी बाई स्वतः दळायला बसते, तिला माझा लांबूनच नमस्कार.

घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी कात्री डब्यात घातली, डबा माळ्यावर टाकला आणि शिडी काढून घेतली. सासूबाई मात्र खट्टू झाल्या. त्यांच्याकडे एकशे दहा खोकी शिल्लक होती, आणि त्यासाठी आम्ही सगळ्यांनी कितीतरी नको ती औषधं घेतली होती.

एकच गोम होती. संच वर्षभरासाठी उसना होता. शेवटी वीस गुणांची चाचणी व्हायची. वर्गातल्या एकूण एक मुलाला वीसपैकी वीस मिळाले तर संच कायमचा आमचा. एकाचाही एक गुण गेला तर संच टेकडीपलीकडच्या शाळेला जाणार. खात्री करायला तपासनीस बाई जातीने येणार होत्या. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, त्यांनी तर पहिल्याच आठवड्यात खोक्याला कापडी अभ्रा शिवून घेतला. शाळेच्या घंटेवर पाऊस पडतो, तिला कधी अभ्रा मिळाला नाही.

संचातली मार्गदर्शिका ही तर अजब चीज होती. त्यात माझं सगळं बोलणं लिहून दिलेलं होतं. ‘शिक्षिका (हसून): मुलांनो, आज आपण कुठे बरं जाणार? मुले (उत्साहाने): आपल्या गावात. (मुले उत्साही न वाटल्यास शिक्षिकेने पुन्हा हसावे.)’ पहिल्या दिवशी माझी मुलं अजिबात उत्साही वाटेनात. मी पाच वेळा हसले. सहाव्यांदा हसल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, बाई, तुमचं पोट दुखतंय का.

नकाशातलं गाव फार गोड होतं. मधोमध शाळा. समोर पांढरंशुभ्र रुग्णालय, दारात फुलझाडं. डावीकडे पोस्ट, उजवीकडे अग्निशमन केंद्र, मागे नदी आणि नदीत तीन बदकं. आमच्या शाळेच्या डावीकडे बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे, उजवीकडे नुसती भिंत, आणि मागे असा नाला आहे की त्यात बदक उतरलं तर संध्याकाळच्या आत बदलीचा अर्ज करेल. आणि समोर आहे टायर-पंक्चरचं दुकान. ते वर्गाच्या खिडकीतून इतकं समोर आहे की हवा भरायचं मशीन सुरू झालं की मला शिकवणं थांबवावं लागतं.

पण मार्गदर्शिकेत दुकान नव्हतं, रुग्णालय होतं. मी रोज सकाळी नागरिकरावांना हातात घालून त्यांच्या जाड आवाजात विचारायची, शाळेसमोर काय आहे? आणि वर्ग खिडकीबाहेर लटकणाऱ्या टायरांकडे बघत एका सुरात म्हणायचा, रुग्णालय. दोन-तीन दिवस मलाही कसंसंच झालं. मग मी खिडकी लावून घेतली. मार्गदर्शिकेतही तसंच म्हटलं होतं, लक्ष विचलित करणाऱ्या खिडक्या बंद ठेवाव्यात. खिडकी लावल्यावर रुग्णालय एकदम पटायला लागलं.

वर्गात चौतीस मुलं. त्यातली तेहतीस ओरडायची. चौतिसावी गप्प बसायची, कारण ती त्या टायरवाल्याची मुलगी होती. बेअरिंगच्या छर्‍यासारखी छोटी, गोल आणि कुठेही ठेवली तरी घरंगळणारी, म्हणून बापाने तिला छर्री म्हणायला सुरुवात केली होती आणि आम्हीही तेच उचललं होतं. ती गप्प बसते हे मला दिसत होतं. पण एक गप्प बसली तरी आवाज भरपूर यायचा, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

चाचणी झाली. मी पाकीट फोडून उत्तरसूची पुढ्यात ठेवली आणि लाल पेन घेऊन बसले. तेहतीस कागद खटाखट झाले, सगळ्यांना वीस. शेवटी छर्रीचा कागद आला. प्रश्न सातवा, शाळेसमोर काय आहे? उत्तर: ‘आमचं दुकान. दोन ते तीन बाबा जेवतात तेव्हा बंद असतं.’

मी ते उत्तर पुन्हा वाचलं. मग उत्तरसूचीकडे बघितलं. तिथे एकच शब्द होता. माझ्या समोर खिडकी होती, ती बंद होती, आणि बंद खिडकीपलीकडून मशीनचा आवाज येत होता. तरीही मी त्या उत्तरावर लाल काट मारली, शेजारी ‘रुग्णालय’ लिहिलं आणि एकोणीस गुण दिले. आजही हे लिहिताना कान गरम होतात. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे फक्त माळ्यावरचा तो डबा होता.

मोठे सर म्हणाले, एका मुलीसाठी संच घालवायचा का, घ्या फेरचाचणी. मग मी छर्रीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि प्रेमाने समजावलं, की अगं, हा नकाशातल्या गावाचा प्रश्न आहे, आपल्या रस्त्याचा नाही.

“मग ‘आपले गाव’ कशाला लिहिलंय?” तिने विचारलं.

मी म्हटलं, तसं म्हणायची पद्धत असते. तिने नकाशाजवळ जाऊन तो वरपासून खालपर्यंत नीट तपासला. बदकं मोजली. मग विचारलं, ह्या गावात कोणाचंच चाक पंक्चर होत नाही का. ह्यावर मार्गदर्शिकेत काही दिलेलं नव्हतं. हरून मी नागरिकरावांना हातात घातलं, म्हटलं, ह्यांचं तरी ऐक. नागरिकरावांनी जाड आवाजात सांगितलं की ते स्वतः रोज त्या रुग्णालयासमोरून जातात. छर्रीने त्यांना विचारलं, तुम्ही राहता कुठे? मी म्हटलं, खोक्यात. ती म्हणाली, मग तुम्हाला बाहेरचं कसं माहीत असणार, आणि मुलांत खेळायला निघून गेली. पोरीने मला आणि बाहुल्याला एकाच दगडात गार केलं.

फेरचाचणीत तिने लिहिलं, ‘आमचं दुकान. मागच्या वेळी पण होतं.’

दुसऱ्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी तिचा बाप शाळेत आला. जेवणाच्या सुट्टीत आला होता, हात साबणाने घासून आला होता, तरी बोटांच्या पेरांत काळं राहिलं होतं. डाग पडू नये म्हणून त्याने तो पहिला कागद दोन कोपऱ्यांना धरला होता. बस म्हटलं तरी तो बसेना.

“बाई, हॉस्पिटल होणार असेल तर चांगलंच आहे,” तो म्हणाला. “फक्त आम्हाला जरा आधी कळवा. मशीन हलवायला दोन दिवस लागतात.”

मला आधी काही कळेनाच. मग लक्षात आलं की मुलीच्या कागदावर लाल शाईने दुकान खोडलंय आणि रुग्णालय लिहिलंय, ते वाचून त्याला वाटलं, वरून हुकूम निघाला. कागद घरी गेल्यापासून दोन दिवसांत त्याने अर्धे टायर उतरवून बांधून ठेवले होते. नवी जागा शोधायला मेहुण्याला पाठवलं होतं. रागावला अजिबात नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला, पण शाळेच्या फरश्या पक्क्या आहेत.

मी त्याला सांगितलं की कसलंही रुग्णालय होत नाहीये, दुकान कुठेही जात नाही, हे फक्त चाचणीतलं उत्तर आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग त्याने विचारलं, म्हणजे हिचं उत्तर बरोबर आहे? मी म्हटलं, तसं बरोबर आहे, पण चूक आहे. तो विचारात पडला. दुकान राहणार असेल तर मग चूक काय, त्याने अगदी खरोखर विचारलं, शिकायच्या इच्छेने. पालकांच्या शंकांसाठी मार्गदर्शिकेचं पान एक्केचाळीस होतं. मी ते उघडलं. तिथे लिहिलं होतं, ‘पालकांचे आभार मानावेत.’ मी त्याचे आभार मानले. त्यानेही माझे मानले, आणि तीन वाजायच्या आत दुकान उघडायला गेला.

माणसाने इथे शहाणं व्हावं की नाही? मी नाही झाले. घरी जेवताना सगळं सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, दे त्या पोरीला एक गुण, तुझ्या घरातून जातोय का. ह्यांनी फक्त माळ्याकडे बघितलं. त्या एका नजरेने माझा घात केला. रविवारी दुपारी मी छर्रीचा फेरचाचणीचा कागद घेऊन बसले, रबराने तिचं उत्तर खोडलं आणि त्या जागी डाव्या हाताने ‘रुग्णालय’ लिहिलं. डाव्या हाताने लिहिलं की माझं अक्षर हुबेहूब तिसरीतलं येतं. गुणांच्या तक्त्यात चौतीस नावांपुढे चौतीस वेळा वीस बसले. तक्ता इतका सुंदर दिसत होता की मोठ्या सरांनी तो दोनदा वाचला.

तपासनीस बाई गुरुवारी आल्या. उंच, शिस्तीच्या, हातात यादी. आदल्या दिवशी मी छर्रीला जाता जाता म्हटलं होतं, की तुला बरं वाटत नसलं, ताप वगैरे असला, तर उद्या घरी राहिलीस तरी चालेल. तिने विचारलं, ताप आला तर हॉस्पिटल कुठे आहे, बाई? मी म्हटलं, असू दे, ये शाळेत. ती आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

तपासनीस बाईंनी तक्ता पाहिला, कागद पाहिले, मान डोलावली. मग त्यांनी वर्गाला तोंडी विचारायला सुरुवात केली आणि सातव्या प्रश्नाशी येऊन म्हणाल्या, शाळेसमोर काय आहे? तेहतीस मुलं छप्पर उडवत म्हणाली, रुग्णालय. मागच्या बाकावर एक हात वर गेला. मी लगेच नागरिकरावांकडून टाळ्या वाजवून घेतल्या, वर्गाने टाळ्या उचलल्या, आणि तो हात टाळ्यांत बुडाला. तपासनीस बाई प्रसन्न झाल्या. म्हणाल्या, संच तुमचा, फक्त भिंतीवरचा नकाशा नियमाप्रमाणे लावलाय का ते बघते आणि सही करते. नियम असा होता की नकाशा सहा फुटांवरून पाहावा. त्या एकेक पाऊल मागे सरकत गेल्या, एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या पावलाला निळ्या खोक्याच्या दांडीत त्यांची टाच अडकली.

त्या पडल्या त्या खोक्यावरच. अभ्रा होता म्हणून डोकं वाचलं, पण पाऊल असं काही मुडपलं की बघता बघता घोटा लिंबाएवढा सुजला. मोठ्या सरांची तारांबळ उडाली. ते दारात उभे राहून कोणाकडेही न बघता ओरडले, की पळा कोणीतरी, रुग्णालयातून माणूस आणा.

सरांचं वाक्य संपायच्या आत माझी तेहतीस मुलं दाराबाहेर होती. वीसपैकी वीस मिळवलेली मुलं ती, त्यांना विचार करायची गरज नव्हती. फाटकातून निघाली, रस्ता ओलांडला आणि थेट टायरच्या दुकानात शिरली. दोन मिनिटांत ती छर्रीच्या बापाला हाताला, सदऱ्याला, जिथे धरता येईल तिथे धरून घेऊन आली. बाई पडल्यात, उचलायला चला, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं होतं, म्हणून तो बिचारा गाडी उचलायचा जॅक घेऊन आला होता.

त्याने जॅक खाली ठेवला, गुडघ्यावर बसला, घोटा लांबूनच पाहिला आणि म्हणाला, हे आमच्याकडचं काम नाही, ह्यांना हॉस्पिटलला न्या.

मग पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “पण तुम्हीच हॉस्पिटल आहात ना?”

तेहतीस तोंडं त्या माणसाकडे आशेने बघत होती. तो माझ्याकडे बघायला लागला. मी नागरिकरावांकडे बघायला लागले. जमिनीवर बसलेल्या तपासनीस बाई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या, आणि दुखणं विसरून त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटत होती.

रुग्णालयाला फोन लावला तर कळलं, गाडी बाहेर गेलीय, यायला तास लागेल. मोठ्या सरांना रस्ता माहीत नव्हता, ते रोज बसने येतात आणि बसने जातात. मला ढोबळ माहीत होता, पण मधली गल्ली खणून ठेवली आहे हे माहीत नव्हतं. ते छर्रीला माहीत होतं. रुग्णालयातल्या ढकलखुर्च्यांची चाकं तिचा बापच बसवतो आणि ती त्याच्याबरोबर जाते. ती शेवटच्या बाकावरून पुढे आली आणि म्हणाली, बेकरीकडून वळायचं, मग पाण्याची टाकी, मग हिरवं फाटक, चालत बारा मिनिटं, पण हातगाडीने पंधरा.

तपासनीस बाईंना टायर वाहायच्या हातगाडीवर बसवलं. खाली बसायला एक मोठा टायर दिला, आणि सुजलेल्या पायाखाली काहीतरी मऊ हवं म्हणून मी नागरिकराव दिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणा नागरिकाच्या उपयोगी पडले. पुढे छर्री, मागे तिचा बाप गाडी ढकलणारा, बाजूला मोठे सर आणि मी, आणि मागे तेहतीस मुलं, कारण त्यांना वर्गात थांबा असं सांगायचं कोणाला सुचलंच नाही. दर दहा पावलांवर कोणीतरी काहीतरी शोधून काढत होतं. एकीला बेकरीमागे पोस्ट सापडलं. बाई, पोस्ट इथे आहे, ती धापा टाकत सांगायला आली, जणू चोरीला गेलेलं परत मिळालं. खड्डे चुकवायचे म्हणून एका गल्लीऐवजी दुसरीतून गेलो तर तिथे अग्निशमनची लाल गाडी उभी दिसली. तिच्यापाशी अर्धा वर्ग थांबला, तो मला ओढून आणावा लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि वळसा मीच घालायला लावला होता.

रुग्णालयात त्यांच्या पायाला पट्टी बांधेपर्यंत दीड तास गेला. मुलांना मोठे सर शाळेत घेऊन गेले होते. छर्री आणि तिचा बाप गाडी न्यायला म्हणून थांबले होते. तपासनीस बाईंनी पिशवीतून तो तक्ता काढला, सहीसाठी पेन काढलं आणि छर्रीकडे बोट करून मला म्हणाल्या, ही मुलगी हुशार आहे, हिला वीस मिळालेत ना?

तक्त्यात वीस होते. हो म्हटलं की सही, सही झाली की संच, संच मिळाला की जन्मभर डिंकाला हात लावायचा नाही. छर्री माझ्याकडे बघत होती. तिला तक्त्यातलं काही माहीत नव्हतं, तिला अजून वाटत होतं की तिला एकोणीसच आहेत. ती फक्त वाट बघत होती, की आता तरी बाई काय सांगतात.

“तिला एकोणीस होते,” मी म्हटलं. “विसावा मी लिहिला. तिचं उत्तर खोडून, डाव्या हाताने.”

मग थांबवेनाच मला. दुकान, खिडकी, लाल काट, बांधून ठेवलेले टायर, सगळं सांगून टाकलं. तिच्या बापापुढेच सांगितलं. शेवटी म्हटलं, आता तक्ता दुरुस्त करायचा तर हिला वीस द्या, बाकी तेहतिसांना एकोणीस, आणि माझ्यापुढे शून्य लिहा.

तपासनीस बाईंनी पिशवीतली दुसरी यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, आतापर्यंत चाळीस शाळा तपासल्या, सगळ्या शंभर टक्के, म्हणजे चाळीसही शाळांसमोर रुग्णालय आहे. त्यांनी भरलेल्या बाकांकडे आणि रांगेकडे पाहिलं. “एवढी रुग्णालयं असती तर मला इथं दीड तास बसावं लागलं नसतं.” आणि त्यांना हसू फुटलं, ते पाय दुखेपर्यंत थांबेना.

हसल्या तरी नियम तो नियम. तक्ता त्यांनी मी म्हटलं तसाच दुरुस्त केला, माझ्यापुढच्या शून्यासकट, आणि संच गेला. मोठ्या सरांनी अभ्रा मात्र ठेवून घेतला, तो आता घंटेवर आहे. नागरिकरावांना तपासनीस बाई आठवण म्हणून घेऊन गेल्या असं ऐकते. घरी मी सगळं सांगितलं, तेव्हा ह्यांनी निमूटपणे शिडी लावून डबा खाली काढला आणि आधी खुर्ची चाचपली. सासूबाई तर इतक्या खूश झाल्या की एकशे दहा खोकी पुसून ओळीने मांडली. छर्रीच्या बापाने पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनचा एक डबा आणून दिला. त्या सोल्यूशनने चिकटवलेलं काही म्हणता काही सुटत नाही. ह्यांना मी आधीच सांगून ठेवलंय.

पुढच्या आठवड्यात मी खिडकी उघडून शिकवत होते, तर छर्रीचा बाप दुकानाबाहेर एक पत्र्याची पाटी रंगवून उभा होता. त्याने मला हाक मारून बोलावलं. त्या गुरुवारपासून रोज कोणाचं तरी पोर खरचटलेला गुडघा घेऊन त्याच्याकडे यायचं, म्हणून त्याने पाटीवर लिहिलं होतं, ‘येथे रुग्णालय नाही. रुग्णालय पाण्याच्या टाकीजवळ, हिरवे फाटक. येथे फक्त टायर.’

मी वाचलं आणि म्हटलं, सगळं बरोबर आहे.

त्याने मान हलवली, पण पाटी वर चढवेना. ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि जरा संकोचून म्हणाला, “बाई, तुमच्या त्या लाल पेनाने एक खूण करून द्या. मग नक्की.”

छर्री दुकानाच्या पायरीवर बसून बघत होती. पत्र्यावर पेन उमटेना, म्हणून मी तिच्या बापाच्या डब्यातला लाल रंग घेतला आणि पाटीच्या कोपऱ्यात, उजव्या हाताने, बरोबरची मोठी खूण केली.